न्हाणीघराच्या खड्ड्यातली दाढ

लाडक्या नातीला आजीचे पोतंभर आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे सोडून. तुझ्या उत्खननाच्या खात्यातही सगळे खुशाल असतील. तुमच्याकडची माणसं तशी फार पूर्वीच वारलेली. पत्र शेजारची शिवणकामवाली लिहिते आहे. (मधेच हसते, म्हणून अक्षर हललं तर मला बोल लावू नकोस.)

तर झालं असं. अंगण ओलांडून न्हाणीघरापर्यंत माझे गुडघे जाईनात, म्हणून तुझ्या बापाने माझ्या खोलीला लागून नवं बांधायला काढलं. गवंड्याने कमरेइतका खड्डा खणला आणि त्यात निघाली एक दाढ. माझे थोरले दीर बघायला वाकले, ते सरळ झाले भक्त होऊनच. ही दाढ हजार वर्षांपूर्वीच्या सत्पुरुषाची, असं त्यांनी जाहीर केलं. (कोणत्या, ते अजून ठरायचं आहे.) ती आता त्यांच्या चष्म्याच्या डबीत मखमलीवर असते, चष्मा घरभर उघडा फिरतो, आणि लोक रांगेने दर्शन घेऊन जातात. खड्ड्याभोवती दोरी बांधली आहे, तिथे चौथरा होणार. गवंडी दुसऱ्या कामावर गेला. मी अजून बादली धरून अंगण ओलांडते.

तूच सांगितलं होतंस, वस्तू सापडली की आधी तिच्या वर-खाली काय होतं ते बघायचं. मी गवंड्याला विचारून ठेवलं होतं. वर मोरीच्या फुटक्या फरश्या, खाली खोकल्याच्या औषधाची बाटली, बूच प्लास्टिकचं. तुम्ही त्याला थर म्हणता, आम्ही केर म्हणतो. भाऊजींना म्हटलं, "सत्पुरुष बाटलीच्या नंतरचे दिसतात." म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?" मग मी दाढेत भरलेली चांदी दाखवली. ते म्हणाले, "त्रिकालज्ञ होते. पुढच्या विद्या त्यांना आधीच येत होत्या." यावरचं उत्तर तुझ्या खात्याकडे असेल तर घेऊन ये. चौथऱ्याच्या विटा महिन्याभरात येतील.

ता. क. मात्र जपून. दाढ पवित्र निघाली तर चौथरा होईल, खरंच प्राचीन निघाली तर तुझंच खातं कुंपण घालील. दोन्हीकडून माझी आंघोळ अंगणापलीकडेच. तेव्हा ती चाळीसेक वर्षांची, अगदी साध्या माणसाची निघेल असं बघ. खोटं बोलावं लागणार नाही.

आणखी एक. दाढ माझी आहे. तुझ्या आत्याच्या वेळी किडली, डॉक्टरने चांदी भरली, तरी शेवटी उपटावीच लागली; पुडीत बांधून दिली, ती मी केरात टाकली. भाऊजींना हे सांगितलेलं नाही. पन्नास वर्षांत त्यांनी मला कधी 'बस' म्हटलं नाही, आता रोज सकाळी त्या डबीपुढे डोकं टेकवतात. तेव्हा फार घाई करू नकोस. विटा यायच्या आदल्या दिवशी आलीस तरी चालेल. तोवर गुडघे काय म्हणायचं ते म्हणोत.