बिनलेबलचं पिंप

७ जानेवारी २००२, सोमवार
नवीन डायरी. संकल्प तीन. रोज लिहिणे. कुणालाही वाचू न देणे. कुणावरही पटकन विश्वास न ठेवणे. तिसरा गेल्या वर्षीही होता आणि तो मी पूर्ण पाळला.

आज कंपनीत सरकारी पत्र आलं. कारखाने खात्याच्या कुणी उन्नती मॅडम आहेत. कामणच्या सगळ्या केमिकलवाल्यांना मीटिंगला बोलावलंय. आपल्याकडच्या केमिकलने काय त्रास होतो, आजवर कुणाला झाला, ही माहिती कंपन्यांनी सरकारला आपणहून द्यावी. सक्ती नाही, दंड नाही. 'आपणहून' या शब्दाखाली मी लाल रेघ मारली. एकवीस वर्षं मॅनेजरकी केली, सरकारने मला एकही गोष्ट आपणहून करू दिलेली नाही. सापळा आहे.

१० जानेवारी, गुरुवार
मीटिंग माणिकपूरच्या एका हॉलमध्ये. मी मागच्या रांगेत, दाराजवळ. मॅडम तिशीच्या, हसतमुख. (संशयास्पद.) म्हणाल्या, एका कंपनीत कुणाचा हात का भाजला ते शेजारच्या कंपनीला कळलं तर तिथला हात वाचेल, एवढाच हेतू आहे. मग सगळ्यांना चहा आणि दोन-दोन बटाटेवडे. सरकार वडे देतंय म्हणजे प्रकरण गंभीर आहे. फक्त चहा घेतला.

शंका विचारा म्हणाल्या. मी विचारली नाही. माणूस शंकेवरूनच पकडला जातो.

शेजारच्या कंपनीचा बॅप्टिस्ट मात्र उठला आणि रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरने त्याच्या किती कामगारांना पुरळ उठलं ते हॉलभर सांगून मोकळा झाला. वर कागदही देतो म्हणाला. त्याला फोडलाय. कधी आणि कुणी, ते शोधून काढणे.

हार्डनर आम्हीही त्याच सप्लायरचा घेतो. आमच्याकडे कुणाला काही नाही. पिंपं हाताळणाऱ्या काशीरामचे हात खाजतात, पण तो घरी भातशेती करतो, तेव्हा ते शेतातलं. वर्षभर हातमोजे मागतोय. सवय लावू नये.

११ जानेवारी
मालकांना, जितेंद्रशेठना, सगळं सांगितलं. ते म्हणाले, देऊन टाका ना जयवंतराव, लपवण्यासारखं आहे काय आपल्याकडे.

मी काय ते ओळखलं. शेठ माझी निष्ठा तपासताहेत. एक शब्द न बोलता बाहेर आलो. त्यांना उत्तर मिळालं असणार.

१४ जानेवारी, संक्रांत
धाड पडली तर काही हाती लागू नये म्हणून आज तीन कामं केली.

एक, सप्लायरने पाठवलेले सुरक्षेचे सगळे कागद फाडले, बादलीत भिजवले, लगदा केला. दोन, सप्लायरला पत्र: आमच्या मालाबद्दल कुणालाही काही सांगू नये, माझ्या नावाने फोन आला तरीही. दुसऱ्याचा आवाज काढणारे असतात. तीन, रिकामी पिंपं. आमच्याकडे तीन मालांची येतात, हार्डनर, ॲसिड आणि साबणाचं द्रव्य. तिन्ही निळी, सारखीच. भंगारवाला श्रीपत ती नेतो आणि घरोघर पाणी साठवायला विकतो. म्हणजे आमची लेबलं गावभर फिरणार! ब्लेड घेऊन सगळी स्वतः खरवडली. काशीराम मदतीला आला, त्याला हाकललं. तो म्हणाला, साहेब, मी वळखतो कोनतं कशाचं, खडूनं खून करून ठेवू का? काय हा भाबडेपणा. तो पुढे म्हणाला की हार्डनरचं पिंप पान्याला देऊ नका. म्हटलं, शेती सांभाळ.

उजवा खांदा भरून आलाय. (डावखुरा असूनही उजवा का, कळत नाही.)

२० जानेवारी, रविवार
आमच्या मनवेलपाड्यात आता पाण्याचा टँकर तिसऱ्या दिवशी. बायकोने, मनोरमाने, श्रीपतकडून निळं पिंप घेतलं. मला न विचारता. आधी चिडलो, मग पिंप बारकाईने पाहिलं. लेबल पूर्ण खरवडलेलं. वा! कोणत्या कंपनीचं हे कळायला मार्ग नाही. कुठेतरी माझ्यासारखा एक दक्ष मॅनेजर आहे, हे पाहून बरं वाटलं. मनोरमाला तसं म्हणालो. ती म्हणाली, मला झाकण घट्ट बसतं का ते पाहू दे.

प्यायचं पाणी स्टीलच्या पिंपात, भांडी-धुणं निळ्यातून.

४ फेब्रुवारी, सोमवार
मॅडमचं आठवणीचं पत्र. 'आपल्या प्रतिसादाची वाट पाहत आहोत.' वाट पाहणारा माणूस नजर ठेवतो. त्यांच्याकडे माझी जाडजूड फाईल असणार. कंपनीसमोर एक पांढरी जीप दोनदा दिसली. (नंतर कळलं, जीप अंडीवाल्याची. हे अंडीवाल्याने सांगितलं, म्हणजे काय ते समजावं.)

मनोरमाच्या बोटांना खाज. साबण बदलायला सांगितला.

११ फेब्रुवारी
आमच्या सुरुचीच्याही हातांना पुरळ. हल्ली आईला भांडी घासू लागते. परीक्षेचं टेन्शन असणार, सात मार्चपासून दहावी आहे. साबण पुन्हा बदलला. टँकरच्या पाण्यावर माझा संशय आहे. टँकरवाला माझ्याकडे बघत नाही.

१५ फेब्रुवारी
माझ्याही मनगटाला. तिळगूळ बाधला असेल.

महिनाभराने बाधतो का, असं मनोरमाने विचारलं. अशा प्रश्नांना उत्तर देऊ नये.

१९ फेब्रुवारी, मंगळवार
सुरुचीचा उजवा हात सुजलाय, बोटांच्या सांध्यांवर भेगा. पेन धरवत नाही. गणिताची वही कोरी ठेवून रडत बसली होती. मला पाहून हात मागे लपवला. तिला लपवताना पाहून कसंतरीच झालं.

२० फेब्रुवारी
माणिकपूरला डॉ. डेल्फिनकडे नेलं. त्यांनी घरात नवीन काय आणलं ते विचारलं. मनोरमाने पिंप सांगितलं. पिंपात काय होतं, असं डॉक्टरांनी विचारलं. ॲसिड असेल तर इलाज वेगळा, दुसरं काही असेल तर वेगळा. तोवर ते पाणी बंद करा, साधं मलम लावा, आणि उद्यापर्यंत नाव आणा.

घरी येऊन पिंप उन्हात ओढलं. लेबलाच्या जागी ओरखडे. सगळे उजवीकडून डावीकडे, वरून खाली तिरके. डावखुऱ्या माणसाचे.

असे ओरखडे कुणीही काढू शकतो.

२० फेब्रुवारी, रात्री
श्रीपतला गाठलं. पिंप आमच्याच कंपनीचं. तिन्ही मालांतलं कुठलं, हे त्याला माहीत नाही. त्याने मलाच विचारलं.

कंपनीत गेलो, काशीरामला विचारावं म्हणून. तो रजेवर. हात दाखवायला सरकारी दवाखान्यात गेलाय.

सप्लायरला फोन केला. त्याने माझं पत्र मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, मी जयवंतच बोलतोय. तो म्हणाला, साहेब, हेच होईल असं तुम्ही लिहिलंय.

बॅप्टिस्टकडे गेलो, पायऱ्या चढताना लाज वाटली. त्याने पाणी दिलं. म्हणाला, पिंपाच्या तळाला नंबर कोरलेला असतो, त्याच्यावरून कळतं कोणता माल. त्याची यादी मॅडमना देऊन बसलोय, झेरॉक्स काढायची राहिली बघ. जा तू, त्या नाही म्हणणार नाहीत.

तळाला नंबर असतो. ब्लेडने जाणारा नाही. मला माहीतच नव्हतं.

२१ फेब्रुवारी, गुरुवार
ठाण्याला, मॅडमच्या ऑफिसात. नंबर चिठ्ठीवर लिहून नेला होता. त्यांनी बॅप्टिस्टचे कागद काढले. पाच मिनिटं. हार्डनर. खाली लिहिलेलं: रिकाम्या पिंपात पाणी साठवू नये, हातांना पुरळ, सूज. मॅडमनी तिथूनच डॉ. डेल्फिनना फोन लावून सगळं वाचून दाखवलं. माझ्याकडे सही मागितली नाही, नाव विचारलं नाही. मीच सांगितलं.

तेवढ्यात टेबलावर माझ्या कंपनीची फाईल दिसली. उघडू का, असं विचारलं. उघडा म्हणाल्या. आत एकच कागद. मीटिंगची नोंद: 'मॅनेजर आले होते. चहा घेतला. बोलले नाहीत.'

बस्स, एवढंच. दीड महिना मी ज्यांच्यापासून लपत होतो, ते मला शोधतच नव्हते.

७ मार्च, गुरुवार
पहिला पेपर. सुरुचीने स्वतः लिहिला. शेवटचा प्रश्न राहिला, हात दुखत होता म्हणाली. माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. चिडली नाही.

दुपारी कंपनीत. हातमोज्यांची पेटी आली. रिकामी पिंपं फोडून टाकायला सांगितली, विकायची नाहीत. श्रीपतने विकलेली परत आणायची आहेत. कुठेकुठे गेली, त्यालाही आठवत नाही.

मग मॅडमचा फॉर्म भरायला बसलो. आपणहून. 'त्रास झालेल्या व्यक्ती' या रकान्यात आधी सुरुचीचं नाव लिहिलं, मग मनोरमाचं. मग खोडलं. पहिलं नाव काशीरामचं यायला हवं, त्याला वर्षभर होतंय. काशीराम लिहिलं आणि पेन थांबलं. आडनाव येईना. नऊ वर्षं हाताखाली आहे.

खाली जाऊन त्याला विचारलं. त्याने सांगितलं, घरत. मग हातमोजे काढून हात धोतराला पुसत म्हणाला, साहेब, पोरीनं पेपर लिवला ना?