मी त्यांची बहीण नसल्याबाबत

प्रति,
मा. निर्गमन अधिकारी,
परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय,
दुसरा मजला, दंड विभागाच्या शेजारची खोली.

विषय : व्हिसाची मुदत संपूनही राहिल्याबद्दलची शिक्षा मान्य असून, माझी आई मला ओळखते आहे तोवर मला घरी जाऊ देण्याबाबत.

संदर्भ :
१) मुदतबाह्य वास्तव्याबद्दल आपल्या कार्यालयाची नोटीस.
२) खोटी माहिती दिल्याबद्दल आपलीच दुसरी नोटीस.
३) माझा मागील अर्ज, जो "अर्जदार मयत, सबब निकाली" असा शेरा मारून परत आला.

महोदय,

वरील विषयास अनुसरून खाली सही करणारी मी, परदेशी नागरिक, घरगुती रुग्णसेविका, वय पन्नाशीच्या पुढे, हयात, आपणांस सविनय कळवते की, हा अर्ज मी थेट आपल्या नावे लिहीत आहे, खिडकीच्या नावे नाही. खिडकीवरील चष्मेवाल्या साहेबांना मी सर्व काही तोंडी सांगितले आहे. ते ऐकून घेतात, मान हलवतात आणि "लेखी द्या" म्हणतात. लेखी दिले की "समक्ष या" म्हणतात. त्यांच्यावर माझा राग नाही. म्हणजे आहे, पण अर्जात राग मांडण्याची पद्धत नसल्याने सोडून देते.

१. ज्यांच्या सेवेसाठी मी या देशात आले ते वृद्ध गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले असून तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहतात. त्यांना मी काका म्हणते. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या मुलाने, म्हणजे भाच्याने, मला एजंटामार्फत बोलावून घेतले, घराची किल्ली हातात दिली आणि तो आपल्या गावी निघून गेला. माझा व्हिसा काकांच्या नावावर आहे. मुदत वाढवायची तर काकांची सही लागते, आणि देश सोडायचा तर "हिला कामातून मोकळे केले आहे" असे त्यांच्या सहीचे मुक्ततापत्र लागते. काकांचे डोके ठिकाणावर होते तोवर यात काही अडले नाही.

२. पुढे काका विसरू लागले. आधी चष्मा, मग किल्ली, मग आपण जेवलो की नाही ते. एके दिवशी मी त्यांच्या अंगात स्वेटर चढवत असताना ते म्हणाले, "ताई, बाही उलटी आहे." ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, भाच्याची आई. ती मी येण्याच्या आधीच वारली होती. आमच्या कामात पहिल्याच दिवशी एक नियम शिकवतात : विसरणाऱ्या माणसाला खोडून काढायचे नाही. तो म्हणेल त्याला होय म्हणायचे. नाहीतर तो घाबरतो, जेवत नाही, हात उगारतो. म्हणून मी ओ दिली आणि बाही सरळ केली. पुढे जे जे गुन्हे माझ्या नावावर लागले त्या सर्वांची सुरुवात, महोदय, त्या बाहीपासून झाली.

३. गेल्या खेपेस मुदत संपत आली तेव्हा मला ती वाढवायची नव्हती. माझ्या धाकट्या भावाचा फोन आला होता. आमची आईही आता विसरू लागली आहे. भाऊ म्हणाला, "ताई, तुला अजून ओळखते. रोज विचारते. ओळखतेय तोवर ये बाई, नंतर येऊन काय करशील?" मी त्याच दिवशी मुक्ततापत्राचा नमुना काकांपुढे ठेवला.

काकांनी उभा जन्म लोकांच्या सह्या तपासण्यात घालवला आहे. वाचल्याशिवाय ते कशावरही सही करीत नाहीत. पण शेवटच्या ओळीशी पोचले की पहिली ओळ विसरतात आणि पुन्हा वरून सुरू करतात. अख्खी दुपार असे वाचन चालले. मध्येच डोके वर काढून म्हणाले, "ताई, यात कुणा परक्या बाईबद्दल लिहिलंय. आपल्या घरात परकी बाई कुठे आहे?" मी नियमाप्रमाणे म्हणाले, "कुठेच नाही." त्यांनी पेनाला टोपण लावले आणि पेन खिशात ठेवले. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या शेजारीणबाईंनी सल्ला दिला, "कोऱ्या कागदावर सही घे, वर काय लिहायचं ते आपण बघू." लिहायला लाज वाटते, पण तेही करून पाहिले. काका इतके ओरडले की समोरच्या बिऱ्हाडाचे दार उघडले. कोऱ्या कागदावर सही करायची नसते! सगळे विसरले, नेमके हेच राहिले. या खटपटीत मुदत टळून गेली.

४. नोटिशीत "मालकास समक्ष आणावे" असे म्हटले होते. मी काकांना इस्त्रीचा सदरा घातला, दाढी केली आणि आपल्या कार्यालयात आणले. लिफ्ट बंद होती. प्रत्येक पायरीवर थांबत आम्ही वर आलो. खिडकीवर साहेबांनी विचारले, "ही बाई तुमच्याकडे कामाला आहे ना?" काका म्हणाले, "कामाला? तोंड सांभाळून बोला. सख्खी बहीण आहे ही माझी. हिनं मला लहानाचं मोठं केलंय." रांगेतली माणसे बघू लागली. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तूच सांग की यांना." आणि मी, अंगवळणी पडलेल्या सवयीने, त्यांचा हात धरून म्हणाले, "हो रे बाळा, मीच तुझी ताई. बस आता." साहेबांनी ते वाक्य जसेच्या तसे टिपून घेतले आणि खाली माझी सही घेतली. ती करताना मी काय वाचले असेल, महोदय? काकांनी पाणी मागितले होते. मी सही करून पाणी आणायला धावले.

त्यावरून दुसरी नोटीस निघाली. म्हणजे परदेशी असून जास्त राहिले याचा एक दंड, आणि परदेशी नाही असे सांगितले याचा दुसरा. दोन्ही मिटल्याशिवाय जाता येत नाही. मिटेपर्यंत काम करावे तर मुदत टळलेल्याने काम करणे हा आणखी एक गुन्हा, आणि काम सोडावे तर असहाय वृद्धाला एकटे टाकणे हा त्याहून मोठा. साहेबांनी हे सर्व बोटांवर मोजून दाखवले. समजावून सांगण्याची त्यांची हातोटी चांगली आहे.

५. त्यानंतर, मी काकांची बहीण नाही हे मीच सिद्ध करावे, असे सांगण्यात आले. बहिणीच्या मृत्यूचा दाखला फक्त जवळच्या नातेवाइकास मिळतो. काका जवळचे खरे, पण त्यांच्या मते बहीण हयात असून स्वयंपाकघरात आहे. राहिला भाचा. तो माझा फोन उचलत नाही. का उचलत नाही ते मला ठाऊक आहे. मामांच्या वतीने त्याने मुक्ततापत्रावर सही केली की मामांची जबाबदारी त्याच्या गळ्यात पडेल. शेवटी आपल्या कार्यालयानेच त्याला पत्र धाडले की, "आपल्या मातोश्रींच्या वास्तव्याबाबत खुलासा करावा." या पत्राचे उत्तर मात्र त्याने तत्परतेने दिले : "माझी आई वारली आहे. कृपया पुन्हा विचारणा करू नये."

हे कळल्यावर मला वाटले, सुटले एकदाची. बहीण वारली, मी जिवंत, तेव्हा मी बहीण नव्हे, हे शेंबडे पोरही सांगेल. परंतु ते पत्र माझ्याच फायलीला लागले, आणि त्या फायलीत मी बहीण आहे. सबब मी मयत. मयत व्यक्तीस निर्गमन परवाना देता येत नाही, असे मला उभ्या उभ्या सांगण्यात आले. दंड थांबला का, असे मी विचारले. तो चालूच आहे. आम्हा दोघांत तो तेवढा हयात दिसतो.

६. मग मी आपण होऊन पोलीस ठाण्यात गेले आणि मला पकडून देशाबाहेर घालवा, अशी विनंती केली. तिथला अंमलदार भला माणूस होता. त्याने बसायला खुर्ची दिली, कॉम्प्युटरमध्ये पाहिले आणि म्हणाला, "बाई, परदेशी म्हणून तुमचं नावच निघत नाही. आणि जे निघतंय त्यात तुम्ही मेलेल्या आहात. अटक कुणाला करू?" मुदत टळल्यापासून मी रस्त्याने भिंतीच्या कडेकडेने चालते. कोणी कागद मागेल म्हणून भाजी आणायलाही गर्दीची वेळ बघून जाते. त्या दिवशी मी मुद्दाम रस्त्याच्या मधून चालत घरी आले. कोणीही हटकले नाही. वर आले, दाराला आतून कडी लावली, कारण काका बाहेर निघून जातात, आणि किल्ली गळ्यात अडकवली. त्या घरात कोण कोणाला कोंडून ठेवते आहे हे मला आताशा कळत नाही.

७. मी गेल्यावर काकांचे कसे होईल, असे आपण विचाराल. ते मीही स्वतःला विचारले आहे. वर उल्लेख केलेल्या शेजारीणबाई या देशाच्या नागरिक असून, आपले शिलाई मशीन घेऊन काकांकडे राहायला यायला तयार आहेत. मी आपल्या रांगेत उभी असते तेव्हा त्याच काकांपाशी बसतात. मागच्या आठवड्यात मी परत आले तेव्हा काका त्यांना सांगत होते, "ताई, दोरा मी ओवतो, तुला दिसत नाही." मला बघून त्यांनी विचारले, "या कोण?" मला वाईट वाटले. अर्जात लिहिण्याजोगी ही बाब नाही, पण वाटले. थोड्या वेळाने त्यांनी मलाही ताई म्हटले आणि आम्ही दोघी ताया मुकाट्याने चहा प्यायलो. तात्पर्य, काका उघड्यावर पडणार नाहीत, याची आपण खात्री बाळगावी.

८. आता शेवटचे. गेल्या रविवारी भावाने फोन आईच्या कानाला लावला. मी म्हणाले, "आई, मी बोलतेय." ती म्हणाली, "कोण आपण?" मी नाव सांगितले. तर म्हणाली, "हे तर माझ्या मुलीचं नाव. ती परदेशात असते, कामाला. आपण तिच्या ओळखीच्या का?" दारात आलेल्या पाहुण्याशी बोलावे तसे अदबीने बोलत होती. मला रडू आले, पण विसरणाऱ्या माणसापुढे रडायचे नसते, हाही आमच्या कामातला नियम आहे. मी म्हणाले, "हो, ओळखीची आहे." ती म्हणाली, "मग तिला म्हणावं, मी वाट बघतेय." त्यावर मी म्हणाले, "ती निघाली आहे."

खोट्या विधानाबद्दल एक दोष माझ्यावर आहेच. हे दुसरे विधान आपल्या दप्तरी नाही, ते मी आपण होऊन कळवत आहे. ते अद्याप खोटे आहे. ते खरे करणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

तरी महोदयांनी माझ्या नोंदीतील "बहीण" व "मयत" हे दोन्ही शब्द खोडावेत. भाच्यास आपण स्वतः बोलावून घ्यावे, कारण आपली पत्रे त्याला पोचतात. दंड जो काय असेल तो एकदा ठरवून तिथेच थांबवावा, माझी शिल्लक त्यात जाईल ती जाऊ दे. आणि या देशात पुन्हा पाऊल न ठेवण्याची जी बंदी नियमात आहे ती मला लवकरात लवकर द्यावी. ती मी दोन्ही हातांनी घेईन. मला घरी जायचे आहे. याहून निराळी मागणी या अर्जात नाही.

आपली,
नोंदीप्रमाणे मयत, प्रत्यक्षात नम्र,
(सही)
तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडील बाई

दिनांक : खिडकीवर हा अर्ज घेतला जाईल तो.

सोबत :
१) पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत.
२) आपल्या दोन्ही नोटिसा.
३) मुक्ततापत्राचा नमुना. काकांनी पुष्कळदा वाचलेला, सही नसलेला.
४) आईचा आणि माझा एकत्र फोटो, ओळख पटवण्यासाठी. काम झाल्यावर हा कृपया परत मिळावा. घरी पोचल्यावर मला तो आईला दाखवावा लागेल.