गांडुळांच्या व्याख्यानाला मी जागा होतो

सोमवार, ५ ऑगस्ट
केर्स्टनचा फोन. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता आपल्याच गावच्या हॉलमध्ये तिचं व्याख्यान. विषय गांडुळं. आपली पोर, डॉक्टरेटवाली! जाणारच. बायको, लोरेन, म्हणाली, जाशील रे, जागा राहशील का? पोरीच्या पदवीदानात घोरलास, तेव्हापासून तिने तुला कशालाच बोलावलं नव्हतं.
घोरलो नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो. गाई व्यायच्या दिवसांत पहाटे चारला उठून तीनशे गाईंचं दूध काढा, मग बोला. लोरेनही उठते, पण तिचं वेगळं.

मंगळवार, ६ ऑगस्ट
सराव. टीव्हीच्या बातम्या शेवटपर्यंत बघायच्या. पहिल्या जाहिरातीपर्यंत चांगल्याच आठवतात.

बुधवार, ७ ऑगस्ट
शेजारच्या सेल्विनचा मला सल्ला: अरे मरी, मागे बस, भिंतीला डोकं टेकता येतं. भित्रा लेकाचा! मी पहिल्या रांगेत बसणार. उद्या दुपारी तासभर झोप काढायची, ठरलं.

गुरुवार, ८ ऑगस्ट, सं. ५.४०
झोप नाही. सत्तेचाळीस नंबरची गाय अडली. खांद्यापर्यंत हात घालून वासरू ओढलं. जगलं. आता अंघोळ, इस्त्रीचा शर्ट, दोन कप कडक कॉफी. कधी नव्हे इतका ताजातवाना.

गुरुवार, रात्री ८.३०
जिंकलो! क्षणभर डोळा लागला असेल, तेवढ्यात टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात. "चला गं बायांनो, सरका पुढे!" असंही ओरडलो म्हणे. त्यात काय एवढं? गोठ्याबाहेर गाई काढताना टाळ्याच वाजवाव्या लागतात, हाताला सवय. निम्मा हॉल गाईवाल्यांचा. सेल्विन तर झोपेतून उठून दाराकडे निघाला.
बाहेर केर्स्टनने विचारलं, बाबा, ऐकलंस ना? छातीठोकपणे सांगितलं, शब्दन् शब्द. मग म्हणाली, काय वाटलं? मी म्हणालो, गांडुळं गुणी असतात, पण तू फार लवकर आटपलंस. तासभर बोलली म्हणे.
लोरेन गाडीत गप्प. हरली ना!

शुक्रवार, ९ ऑगस्ट
पहाटे दूध काढताना लोरेन बोलली. त्या टाळ्या व्याख्यानाच्या नव्हत्या. तुझ्यासाठी होत्या. पाचव्याच मिनिटाला केर्स्टनने तुला उभं राहायला सांगितलं, तुझ्याबद्दल बोलली. मुद्दाम सुरुवातीलाच, म्हणजे तू जागा असशील. टाळ्या वाजवून तू परत झोपलास, तो थेट शेवटपर्यंत.
काय बोलली, विचारलं. लोरेन म्हणाली, मी नाही सांगणार, तिलाच विचार.
सकाळपासून तीनदा फोन उचलला आणि ठेवला. फार वाईट वाटतंय. विचारू तरी कसं? शब्दन् शब्द ऐकला म्हणून सांगून आलोय.