जेट्टीवर तुझा फोटो

प्रिय नदीम,

अल्लाह तुला सुखरूप ठेवो. काल तुझा फोन आला. तिथे इंग्लंडात ‘बाहेरच्यांनो, परत जा’ म्हणत मोर्चा निघाला आणि तू दुकान आतून लावून बसलास. अम्मी, आम्ही रीतसर आलो, कष्ट करून खातो, मग राग कसला, असं विचारलंस. रेंज नाही म्हणत मी फोन ठेवला. रेंज होती, बाळा.

इथलं ऐक. निवडणूक आलीय, त्यामुळे होड्यांवरचे परप्रांतीय खलाशी सगळ्यांच्या डोळ्यांत एकदम खुपायला लागलेत. एका पक्षाने जेट्टीवर त्यांना हाकला म्हणून फलक लावला, दुसऱ्याने त्याहून मोठा. ज्यांना तुझ्या अब्बांनी जन्मभर मत दिलं, ते घरी येऊन माझ्या हातची सांदणं खाऊन गेले आणि म्हणाले, भाभी, निकाल लागू द्या, मग खलाशांचं बघू. आपली पोरं आखातात, नाहीतर न्हावा शेव्याला. होडीवर चढायला गावात कुणी तयार नाही, आणि जो चढतो तो नको. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

त्या मोठ्या फलकावर तुझा फोटो आहे, कोटातला. खाली ‘परदेशस्थित सुपुत्र’ आणि गावच्या ग्रुपवर तू लिहिलेलं वाक्य, ‘गावची होडी गावच्याच हाती’. सहज लिहिलं असशील. पण लोक मला तेच दाखवतात, म्हणतात, बघा, तुमचा शिकलेला मुलगाही आमच्याच बाजूचा. मला त्या वाटेने जाववत नाही.

आपल्या होडीवर बंगालातल्या मुर्शिदाबादचा रफीकुल होता. तू त्याला पाहिलेलं नाहीस. त्याने आधार कार्ड दाखवलं, तर पोलीस म्हणाले खोटं आहे, हा सीमेपलीकडचा. शेजारची वेणूबाई हळूच म्हणाली, “पोरगा वाईट न्हाय गो, पन आता बोलनार कोन?” मंगळवारी त्याला गाडीत घालून नेलं. कुठे, ते कुणी सांगत नाही. त्याची आई मला रोज फोन करते, मोडक्या हिंदीत एवढंच विचारते, मेरा बेटा खाया क्या? मी हो म्हणते. रोज खोटं बोलते रे.

मला चौकीवर जायचंय, पण सोबत यायला कुणी धजत नाही. तू त्याच ग्रुपवर, तुझ्याच नावाने लिही, की तो फोटो उतरवा आणि रफीकुलला शोधा. तुझं ऐकून चारजण तरी निघतील. हे फोनवर सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. अब्बा गेले तेव्हा तुला विमान मिळालं नाही. रडत विचारलं होतंस, माझ्या वाटची माती कोणी दिली? मी म्हटलं होतं, घरच्याने. तो रफीकुल होता. स्वतःच्या तीन मुठी देऊन झाल्यावर तो पुन्हा कबरीपाशी वाकला, आणखी तीन दिल्या आणि म्हणाला, ये नदीमभाई की तरफ से.

तुझीच,
अम्मी