हेस्टरच्या खरुचीचं वजन

वायोमिंग, ६ जानेवारी १९५८

ती. विनीताईंस,
ऑरिनचा सा. न. वि. वि.

नाताळचं पार्सल पोचलं. मोजे दोन बोटं मोठे झाले, पण तुम्ही मला अजून तसाच धिप्पाड समजता याचा आनंद वाटला.

हेस्टरची खरुची सोडून दे, ससाणा केवढासाही असला तरी तुला झेपायचा नाही, असं तुम्ही लिहिलंत. खरंय. तुम्हा बहिणींनी लहानपणापासून ससाणे हातावर खेळवले, मी आपला गुरांमागचा माणूस. पण ताई, हेस्टर गेल्यापासून या घरात माझ्याशिवाय श्वास घेणारा तेवढाच एक मूठभर जीव आहे. सकाळी तिला तोलायचं असतं म्हणून मी उठतो. दफनाच्या दिवशी सगळ्यांदेखत तुम्ही म्हणालात की बायको डोळ्यांसमोर झिजत होती आणि या माणसाला दिसलं नाही. निदान हा पक्षी तरी मला नीट सांभाळू द्या.

हेस्टरच्या वहीत लिहिलंय की शिकारीला नेताना वजन एकशे अकरा ग्रॅम, पायातल्या पट्ट्या आणि घुंगरू धरून. त्याहून जड असली, म्हणजे पोट भरलेलं असलं, की ती झाडावर जाऊन बसते आणि माझ्याकडे ढुंकून बघत नाही. वजन बरोबर ठेवतो, पण अजून एकही चिमणी हाती लागलेली नाही. काय चुकतंय ते कळवा.

राग असू द्या, पण पत्र बंद करू नका.
तुमचा ऑरिन

बॉयझी, १२ जानेवारी

चि. ऑरिन यास अनेक आशीर्वाद.

मोजे गरम पाण्यात आटव. नवे मिळणार नाहीत.

तू तिला हातावर मिरवत चालतोस, तिथे चुकतंय. चिमण्या काय आंधळ्या आहेत? तिला मुठीत अलगद धर, गंजीच्या आडून जा आणि चिमण्या उडाल्या की चेंडूसारखी फेक. तुझा हात गुरांवर दोर टाकून तयार झालाय, जमेल. हेस्टरच्या पट्ट्या एव्हाना विरल्या असतील, तेवढ्या बदल. पट्टी तुटली तर पक्षी हातचा जाईल.

आणि थंडी वाढली की वजन दोन ग्रॅम वाढव. त्या जिवाच्या अंगात चरबी असून असणार किती? दोन दिवस पोट रिकामं राहिलं की खेळ संपला.

तिची खुशाली कळवत जा. तुझीही, जागा उरली तर.
विनी

वायोमिंग, २३ जानेवारी

ती. विनीताईंस,
सा. न. वि. वि.

अकरा चिमण्या! आठवड्यात अकरा! पोस्टमन क्लेमला मी मोजून दाखवल्या, तर म्हणाला की एवढ्यात त्याच्या मांजराची न्याहारीसुद्धा होणार नाही. हेस्टरला दाखवता आल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

पट्ट्या नव्या केल्या. माझ्या जुन्या खोगिराचं चामडं कापून, दुहेरी शिवण घालून, वर पितळी कडी बसवली. क्लेम म्हणाला, असल्या पट्टीने बैलसुद्धा ओढता येईल. तेव्हापासून पोरगी नुसती पेटली आहे. शीळ घालायच्या आत हातावर येते, दिवसभर ओरडते, माझ्या बोटातूनच मांस ओढते. वजन तुमच्या सांगण्याप्रमाणे एकशे तेरा, रोज सकाळी बघूनच किती खायला घालायचं ते ठरवतो. पारा शून्याखाली वीसवर आहे, तरी तिचा उत्साह बघा!

ताई, खूप दिवसांनी मला भूक लागते आहे. असाच लोभ ठेवा.
ऑरिन

बॉयझी, २७ जानेवारी

ऑरिन,

तार करायला गेले होते. तुमच्याकडच्या तारा बर्फाने पडल्यात म्हणाले. म्हणून हे पत्र.

तो उत्साह नाही, ती भुकेने ओरडते आहे. खोगिराच्या चामड्याच्या पट्ट्या तू काट्यावर नुसत्या ठेवून पाहिल्यास का? हेस्टरच्या पट्ट्या दोन ग्रॅमच्याही नव्हत्या. तुझ्या आठ असल्या तर तुझा पक्षी एकशे तेराचा नाही, एकशे सातचा आहे, वरचे सहा ग्रॅम चामड्याचे आहेत. आत्ताच्या आत्ता त्या काढ. तिला स्वयंपाकघरात ठेव, खाईल तेवढं घाल, बाहेर नेऊ नकोस. छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरव. सुरीच्या पात्यासारखं लागलं तर थोडं थोडं भरव, एकदम नको.

पट्ट्या बदल म्हणून मीच लिहिलं, आणि कशाच्या करायच्या ते लिहिलं नाही.
विनी

वायोमिंग, ८ फेब्रुवारी

ती. विनीताईंस,
सा. न. वि. वि.

नऊ दिवस रस्ता बंद होता. तुमचं पत्र काल आलं. ती तीस तारखेलाच गेली.

सकाळी तिने चिमणी धरली, पण धरून ठेवायची ताकद नव्हती. चिमणी सुटून गेली आणि ही बर्फावर बसून राहिली. मी तिला सदऱ्यात घेऊन घरी आणलं. चोचीत मांस दिलं, ते तिला गिळवेना. दुपारपर्यंत माझ्या हातातच होती.

तुमचं पत्र वाचून पट्ट्या तोलल्या. साडेआठ ग्रॅम भरल्या.

सहाशे गाईंमधली कुठली खंगली ते मी घोड्यावरून सांगतो. हिच्या छातीवर बोट ठेवायचं मला सुचलं नाही. काट्याने एकशे तेरा सांगितलं, मी मानलं. हेस्टर मी बरी आहे म्हणायची, तेही मानलं. दफनाच्या दिवशी तुम्ही बोललात ते अक्षरशः खरं होतं. आता तुम्ही मला पत्र लिहायचे कष्ट घेऊ नका.
ऑरिन

बॉयझी, १४ फेब्रुवारी

प्रिय ऑरिन,

सोबत हेस्टरचं पत्र आहे, ऑगस्टमधलं. आधी माझं वाच, मग ते.

तिचं वजन बावीस पौंडांनी उतरलं होतं. डॉक्टरने काय ते स्पष्ट सांगितलं होतं, आणि उपाय नाही हेही. तिने मला शपथ घातली की गुरं डोंगरावरून खाली येईपर्यंत ऑरिनला कळू द्यायचं नाही, तो सगळं टाकून उशाशी बसेल. तुला दिसू नये म्हणून ती कोटाखाली दोन दोन लोकरी सदरे घालत होती. मी कबूल झाले. तीन महिने तुला काही घडलंच नसल्यासारखी पत्रं लिहीत राहिले.

आणि मग थडग्यापाशी उभी राहून, तुला दिसलं नाही म्हणून मीच तुला सगळ्यांदेखत बोलले. कोणावर तरी ओरडायचं होतं, आणि तू समोर होतास.

माफी मागायला तोंड नाही. पुढच्या शनिवारच्या बसने निघते आहे. दार उघडायचं की नाही ते तू ठरव.
विनी