आधी कोर्स पक्का करू

२७ ऑक्टोबर, सोमवार
वेब डेव्हलपर व्हायचं ठरलं. फायनल.

दिवाळीला राजूरला गेल्तो, तिथंच ठरलं. बायको, दैवशाला, बाळंतपणाला माहेरी गेली ती अजून तिथंच आहे. पोरगी आता तीन महिन्यांची. सासरे, काकासाहेब, यांचं गणपतीच्या देवळाच्या वाटेवर पेढे-नारळाचं दुकान. जेवताना त्यांनी विचारलं, भारतराव, मायलेकीला कधी नेता. मी म्हणालो, जुन्या जालन्यातल्या बिनखिडकीच्या खोलीत कशाला नेऊ? आयटीत जातो, पुण्यात फ्लॅट बघतो आणि थेट तिकडंच नेतो. तोंडातून निघून गेलं. पण कधी कधी बोलल्यावरच कळतं माणसाला, आपल्या मनात काय होतं ते.

दुकानाची वेबसाईट पण करून देतो म्हणालो. सहा जानेवारीच्या अंगारकीच्या आधी. वेळ भरपूर आहे.

२८ ऑक्टोबर
शिकायला सुरुवात. म्हणजे कुठून शिकायचं ते शोधायला सुरुवात. पाया महत्त्वाचा. चुकीच्या जागी पाया खोदला तर घर शेजाऱ्याच्या नावावर होतं.

शेजारच्या कमरोद्दीनचाचांचा फहीम पण हेच शिकतो म्हणाला. गूगलवर फुकटचं जे पहिलं आलं ते त्यानं उघडलं आणि पहिला धडा करून राह्यला. पहिलं आलं ते! असं कोणी स्थळ तरी पाहतं का? कीव आली. पण बोललो न्हाई. त्याचं तो बघेल.

२ नोव्हेंबर, रविवार
दिवसभर 'नवशिक्यांसाठी सगळ्यात चांगला कोर्स' असे व्हिडिओ पाहिले. भरपूर ज्ञान. प्रत्येक जण आधीच्याला चूक ठरवतो, म्हणून शेवटचा बरोबर असणार. पण शेवटचा येईना.

एक जण म्हणाला, यूट्यूबवरून बिलकुल शिकू नका. हे तो यूट्यूबवरच सांगत होता. तरी मुद्दा पटला.

उद्यापासून फक्त पुस्तक.

५ नोव्हेंबर
पुस्तकाच्या पीडीएफची प्रिंट काढून आणली, स्पायरल बाइंडिंग केली. वजनदार आहे. पहिलं प्रकरण, इंटरनेटचा जन्म. इंटरनेट जन्मायच्या आत झोप लागली.

पुस्तकं जुनी होतात. टेक्नॉलॉजी पुढं जाते.

९ नोव्हेंबर, रविवार
टेलिग्रामवर सगळे पेड कोर्स एकाच फोल्डरमध्ये मिळाले. डाउनलोडला दोन दिवस गेले, खोलीमालक वायफायवरून कुरकुरला. पण काम झालं. एक सर तर लाजवाब. मनापासून शिकवतात. भाषा पोर्तुगीज असावी. हातवाऱ्यांवरून बराच अंदाज येतो.

१६ नोव्हेंबर
दैवशालाचा फोन. पोरगी पालथी पडली म्हणे. मंग विचारलं, काय काय शिकलात. मी तिला सगळा रोडमॅप समजावला. फ्रंटएंड, बॅकएंड, डिप्लॉयमेंट. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं की दुकानाचं पान किती झालं. अजून पान नसतं, आधी विचार असतो, असं सांगितलं. तिनं फोन पोरीच्या तोंडाशी धरला.

एचटीएमएल हा शब्द मी तिच्याशी बोलताना पहिल्यांदा न अडखळता म्हणालो. प्रगती आहे.

२४ नोव्हेंबर
व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. 'वेब डेव्हलपमेंट जालना, बेस्ट रिसोर्सेस'. मी अॅडमिन. जो कोणी मला विचारतो कुठून शिकू, त्याला लिंका पाठवतो. इथल्याच एका कॉम्प्युटर क्लासचे सर पण आलेत ग्रुपमध्ये. ते मला विचारून राह्यले की पोरांना काय शिकवू. लोकांचा विश्वास बसत चाललाय.

फहीम ग्रुप सोडून गेला. कोड लिहिताना मोबाईल सारखा वाजतो म्हणे. एकट्यानं शिकणाऱ्याचं नुकसान असतं, पण हे त्याला आता कळणार न्हाई.

१ डिसेंबर, सोमवार
नोकरी सोडली.

राधेश्यामशेठच्या ठोक कापड दुकानात पाच वर्षं बिलं केली. आज अंबडच्या गिऱ्हाइकाच्या बिलावर शर्टिंगच्या जागी 'स्टायलिंग' पडलं. समोरच्या टॅबमध्ये दोन कोर्सची तुलना चालू होती, त्यात हात घसरला. शेठनं बोलावलं. आधी ओरडतील वाटलं. ओरडले न्हाईत. मी सगळं सांगितलं, कोणता कोर्स चांगला ते ठरवायला वेळच मिळत न्हाई म्हणून. शेठ गादीवर बसल्या बसल्या म्हणाले, "भारत, माझ्याकडं गिऱ्हाईक दिवसभर थान उलगडत बसतं. पण उठताना एक तरी पीस घेऊन उठतं. तू काय घेऊन उठला?"

कापडवाल्याला कापडच दिसणार. राजीनामा दिला. शेठ म्हणाले, विचार कर. मी म्हणालो, झाला.

आता पूर्ण वेळ. पहाटे पाचला उठणार.

२ डिसेंबर
उठलो. नऊला. पहिला दिवस आहे.

१२ डिसेंबर
फहीमनं कमरोद्दीनचाचांच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचं पान केलं. मला दाखवायला आल्ता. दुकानाचं नाव, वेळ, फोन नंबर आणि नकाशा. बस. रंगसंगती बेताची. मी पाच-सहा सुधारणा सांगितल्या. त्यानं लक्ष देऊन ऐकल्या आणि एक करूनही टाकली, माझ्यासमोर. मोबाईलवर उघडतं ते पान. उघडतं, ते ठीक आहे.

चाचा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून राह्यलेत.

२१ डिसेंबर, रविवार
आज पहिलं पान लिहिलं. माझ्या हातानं. काकासाहेबांच्या दुकानाचं नाव, 'श्री गजानन प्रसाद भांडार', एवढंच. उघडलं तर स्क्रीनवर टिंबं, टोप्या, चोच वाकडी केलेली अक्षरं. गजाननाचा पत्ता न्हाई.

म्हणजे वेब मराठीसाठी बनवलेलंच न्हाई. हे एकाही कोर्समध्ये कोणी स्पष्ट सांगितलं नव्हतं. इतके दिवस फसवणूक.

संध्याकाळी फहीम म्हणाला, वर एक ओळ टाकावी लागते, मंग मराठी दिसतं. त्याच्या पहिल्याच धड्यात आहे म्हणे. मी म्हणालो, माझा पहिला धडा अजून ठरायचाय.

पान डिलीट केलं. नव्या कोर्सनं नव्यानं सुरुवात करू. अर्धवट पायावर नको.

२६ डिसेंबर
काकासाहेबांचा फोन. गल्लीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय म्हणे की जावई अंगारकीला दुकान इंटरनेटवर चढवणार आहे. पाव्हणे पण बोलावलेत. त्यांच्या आवाजात असा आनंद मी कधी ऐकला नव्हता. लग्नात पण न्हाई.

मी म्हणालो, फायनल टच चालू आहे.

२ जानेवारी, शुक्रवार
मार्ग सापडला. तयार टेम्प्लेट. फुकट, देखणं. आहे एका हॉटेलचं, पण नाव बदललं की झालं. जगातले मोठमोठे डेव्हलपर असंच करतात. शून्यातून सुरुवात करणं हा अहंकार.

नाव बदललं. वरती आपोआप सरकणारे फोटो आहेत. पहिल्या जागी मोदक बसवले, दुसऱ्या जागी नारळ. हे मात्र मी स्वतः केलं, कोणाला न विचारता. तिसरा फोटो कुठून येतो ते सापडत न्हाई. पण तिसऱ्यापर्यंत कोण बघत बसतं?

६ जानेवारी, मंगळवार. अंगारकी
गावात पाय ठेवायला जागा न्हाई. रांग पार बाहेरच्या रस्त्यापर्यंत. काकासाहेबांनी दुकानात टेबल टाकून लॅपटॉप ठेवायला लावला, त्याला हार घातला, नारळ फोडला. पाव्हणे, शेजारचे दुकानदार, दोन पुजारी. दैवशाला पोरीला कडेवर घेऊन मागं उभी. माझ्याकडं बघून ती हसली. किती दिवसांनी.

मी उघडलं. नाव आलं, मोदक आले. लोक वा म्हणाले. नारळ आले. मी लॅपटॉप बंद करायला हात घातला तर काकासाहेबांनी हात धरला. म्हणाले, राहू द्या, बघू द्या सगळ्यांना.

तिसरा फोटो आला. अख्खी भाजलेली कोंबडी. लिंबू पिळलेली.

फोटो हळूच सरकला आणि परत मोदक आले. मंग नारळ. मंग परत कोंबडी. मला ते थांबवता येत नव्हतं. एक पुजारी उठून गेले. काकासाहेबांनी लॅपटॉपवरचा हार काढला, घडी केल्यासारखा हातात धरला आणि गिऱ्हाइकांकडं वळून पेढे तोलायला लागले.

टेम्प्लेटवाल्यांना कडक मेल लिहिणार आहे.

७ जानेवारी
दैवशालाला समजावून राह्यलो होतो की चूक माझी न्हाई, सोर्सच खराब होता. ती पोरीची झबली वाळत घालत होती. मध्येच थांबली.

"अहो, तुम्ही शिकू नका असं मी म्हणत न्हाई," ती म्हणाली. "पण तुम्ही शिकून कुठं राह्यले? तुम्ही नुसते शोधून राह्यले. मी इथं कोणाला काय सांगू?"

मी म्हणालो, मार्चपर्यंत थांब. तिनं उरलेली झबली वाळत घातली. जालन्याला यायचं तिनं विचारलं न्हाई. मी पण.

१९ जानेवारी
शेठकडं गेल्तो, सहज. माझ्या खुर्चीवर भुजंग नावाचा पोऱ्या बसून राह्यलाय. बिलं बरी करतो. शेठनं चहा पाजला.

फहीमला संभाजीनगरला काम लागलं. परवा चाललाय. निरोप घ्यायला आला आणि खालीच बसला. म्हणाला, "भारतभाई, माझ्याकडं एक घंटा आहे. लॅपटॉप उघडा. एक पान दोघं मिळून करू, आत्ता."

मी लॅपटॉप उघडला. मंग विचारलं, कोणत्या पद्धतीनं शिकवणार, कारण प्रोजेक्ट बेस्ड आणि कन्सेप्ट फर्स्ट यात मोठा फरक आहे. त्यानं सांगायला सुरुवात केली. मी मला माहीत असलेल्या त्रुटी सांगितल्या. घंटा संपला. त्यानं गळाभेट घेतली, चाचांच्या दुकानात कधी बसत जा म्हणाला.

ग्रुपवर त्याचं अभिनंदन टाकलं. 'माझ्या मार्गदर्शनाखाली' लिहिलं होतं, मंग खोडलं. खोडलं हे कोणाला कळणार न्हाई, पण मी खोडलं.

३० जानेवारी
खोली सोडली. तात्पुरती. राजूरला शांतता आहे, अभ्यासाला बरं. काकासाहेब म्हणाले, या. कधीपर्यंत ते विचारलं न्हाई त्यांनी.

५ फेब्रुवारी, गुरुवार. संकष्टी
सकाळी काकासाहेबांनी नारळ सोलायला शिकवला. एकदाच दाखवलं, कोयता कसा रुतवायचा, कसा पिळायचा. मी विचारलं, यापेक्षा चांगली दुसरी पद्धत आहे का. त्यांनी माझ्या हातातून कोयता काढून घेतला.

मंग दुकानाच्या पायरीशी बसवलं. दर्शनाला जाणाऱ्यांच्या चपला सांभाळायच्या. याला शिकावं काही लागत न्हाई. दैवशाला पोरीला घेऊन समोरून गेली. पोरगी माझ्याकडं बघत होती. आपण बघत न्हाई असं दैवशाला दाखवत होती.

संध्याकाळी चपलांचा एक जोड कमी भरला.