सरळ गेलं तर एक डुलकी

विमानपट्टी, इक्पिआर्जुक
शुक्रवार, १४ एप्रिल १९८९

चि. लेआ हिला आईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. समुद्रावरचा बर्फ अजून जाड आहे, कुत्री लठ्ठ झालीत, माझे गुडघे कुरकुरतात. हे पत्र विमानपट्टीवरचा मोसेसी लिहून घेतोय. सामान तोलायचं सोडून म्हातारीचं बोलणं तोलत बसलाय बिचारा.

"आजी, हे पण लिहू?"

"सगळं लिही. गाळलंस तरी मला कळायचं नाही, वाचता कुठे येतं, म्हणून आधीच बजावते."

बाळ कसं आहे? मुलगी झाली आणि तू तिला तुझ्या बापाचं नाव ठेवलंस हे कळल्यापासून मी हसतेय. आपल्यात नाव आलं की गेलेलं माणूस आलं; माझा उयारासुक परत आला, आणि बाई होऊन आला! बरी जिरली. जन्मभर माझ्याकडून बूट शिवून घेतले, आता स्वतः सुई धरेल. माझ्या नवऱ्याला सांग, रात्री भोकाड पसरून माझ्या लेकीला छळू नकोस.

मोसेसीच्या भिंतीवर नकाशा आहे. त्यावर तुमचं मित्तिमातालिक माझ्या करंगळीएवढं लांब. सरळ उडालं तर एक डुलकी. पण नेहमीचं विमान आधी खाली इकालुइतला जाणार, तिथे मुक्काम, मग पुन्हा वर तुमच्याकडे. तुझ्या बापाने घसरगाडीच्या कुत्र्यांनासुद्धा असं वेडंवाकडं हाकलं नसतं.

आज मात्र एक लहान विमान सरळ तुमच्याकडे निघालंय, हॉकीची पोरं घेऊन. एक जागा रिकामी आहे. मोसेसी म्हणाला, "आजी, बसा की. पोरं काय, मांडीवरसुद्धा घेतील."

"माझं वजन बघितलंस का, मेल्या?"

मी बसले नाही.

दमलेय गं. आजकाल बूट चढवूनसुद्धा दम लागतो. नर्सबाईंनी दुसऱ्या विमानाचं तिकीट दिलंय, इकालुइतवरून पुढे ओटावाच्या मोठ्या दवाखान्याचं. पोटात गाठ आहे. कापून काढतात म्हणे. फोन केला नाही, कारण फोनवर तू माझा आवाज ओळखतेस. मोसेसीच्या अक्षराला रडू येत नाही.

तुझा बाप "सीलचा हंगाम होऊ दे, मग दवाखान्यात जातो" म्हणत राहिला, आठवतं ना? गेला तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. आज तुमच्याकडे आले तर माझीही ऑपरेशनची पाळी जाईल, आणि बाळाला एकदाच बघणं होईल. मला एकदा नाही बघायचं. मोठं होऊन म्हाताऱ्याने या जन्मातला पहिला सील मारला की त्यातला पहिला तुकडा मला हवाय.

हे पत्र आणि बाळासाठी एक बूट त्या लहान विमानाच्या पायलटच्या हाती देतेय. सीलच्या कातड्याचा आहे, कडेला पांढरी पट्टी. एकच आहे, शोधत बसू नकोस, हरवलेला नाही. दुसरा अर्धा शिवून पिशवीत घेतलाय. तिकडे पडल्या पडल्या पुरा करीन आणि स्वतः घेऊन येईन. तोवर पाय वाढला तर वाढू दे, नवी जोडी शिवीन.

तुझ्या बापाला दवाखान्यात नेलं तेव्हा मी याच पट्टीवर येणाऱ्या प्रत्येक विमानाला उभी राहायचे. आता उभं राहायची पाळी त्याची. तेवढं सांग त्याला.

तुझी आई,
आणि तुझ्या मांडीवरच्या म्हाताऱ्याची बायको,
कौनाक